साधनांच्या यादीतलं नाक

डेपोतले लोक मिस्त्रींच्या नाकाबद्दल जे काही सांगत, त्यातलं निम्मंच खरं होतं. पण ते निम्मंही पुष्कळ होतं. धुराला गोडसर झाक असली की इंजिनात कूलंट शिरतोय, कच्च्या डिझेलचा दर्प आला की एखादा इंजेक्टर गळतोय, करपलेल्या कागदासारखा वास आला की क्लचचे दिवस भरले. एवढं ते गाडी फाटकातून आत येता येताच सांगत, आणि उघडून पाहिलं की बहुतेक वेळा तेच निघे. उरलेलं निम्मं म्हणजे ड्रायव्हरचं बायकोशी भांडण झालंय का, हेही मिस्त्रींना धुरावरून कळतं, वगैरे. ते लंबूने पसरवलं होतं. लंबू डेपोतला सगळ्यात उंच ड्रायव्हर आणि सगळ्यात मोठा थापाड्या.

मिस्त्री तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले, कारण डेपोच्या साहेबांनी एका वर्षाच्या मुदतवाढीचं पत्र तयार ठेवलं होतं. पुढे दर वर्षी तसंच पत्र निघत गेलं, आणि सही करताना साहेब दर वर्षी तेच म्हणत, "नाक आहे तोवर या, मिस्त्री." हा विनोद होता. पण मुदतवाढीचं दुसरं कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं. पुढची सही येत्या एक तारखेला व्हायची होती.

आणि नाक पाच महिन्यांपूर्वी गेलं होतं.

साधा ताप आला होता. चौथ्या दिवशी उतरला. मिस्त्रींना वाटलं, सर्दीने नाक चोंदलंय, मोकळं होईल. मग एका दुपारी गॅसवरचं दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या बुडाला कोळसा झालं आणि शेजारच्या खोलीत मिस्त्री वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. बाहेरून आलेल्या बायकोने आधी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग विचारलं, "अहो, तुम्ही घरातच होतात ना?"

डॉक्टरांनी टॉर्च मारून दोन्ही नाकपुड्या पाहिल्या. वास परत येईल, कदाचित येणारही नाही, असं म्हणाले. त्या दिवसापासून बायको रोज सकाळी त्यांना डोळे मिटायला सांगायची, नाकाखाली काहीतरी धरायची आणि विचारायची, "काय आहे?" मिस्त्री अंदाजाने सांगायचे. "साबण." असायची लिंबाची फोड. "कॉफी." असायचा साबण. वस्तू जागच्या जागी ठेवून कामाला लागायची. तिच्याखेरीज हे कुणालाही माहीत नव्हतं.

डेपोत त्यांनी एक युक्ती शोधून काढली होती. गाडी आली की ते ड्रायव्हरलाच विचारत, "काय रे, कसला वास येतोय सांग बघू." तो बिचारा हुंगून हुंगून सांगे: "तेलकट आहे. जरा आंबूस पण." मिस्त्री मान हलवत, दोन प्रश्न आणखी विचारत, इंजिनाला कान लावत आणि निदान करत. कान शाबूत होते, चाळीस वर्षांचा अनुभव शाबूत होता. पाच महिन्यांत एकही निदान चुकलं नाही. लोकांना वाटलं, मिस्त्री आता पुढची पिढी तयार करताहेत. साहेबांनी तर याबद्दल त्यांचं कौतुकही केलं. कौतुक ऐकताना मिस्त्रींनी हातातला पाना दोनदा पुसला.

त्यातच मुख्य कचेरीतून मीटरबाई आली.

तिचं हे नावही लंबूनेच ठेवलं. ती पंचविशीची, रसायनशास्त्र शिकलेली आणि बरोबर चार पेट्या भरून मीटर आणलेली होती. शहरात जुन्या ट्रकना बंदी येणार होती. कंपनीला वर्षभरात तीस नवे ट्रक घ्यायचे होते. दोन कंपन्यांनी आपापला एकेक ट्रक सहा आठवड्यांसाठी वापरायला दिला होता. दोन्ही डिझेलचेच, ताकद सारखी, वजन सारखं. फरक होता तो धुराची विल्हेवाट लावण्यात. कुणाची रीत बरी, हे मोजून ठरवायचं काम मीटरबाईकडे होतं. तिचा अहवाल जे म्हणेल ते तीस ट्रक येणार होते, आणि एकदा आले की पंधरा वर्षं तेच चालणार होते.

पहिल्याच आठवड्यात लंबूने तिला विचारलं, "बाई, धूर तो धूर. त्यात दोन प्रकारची विल्हेवाट कसली?"

"धुरात वाईट गोष्टी दोन," मीटरबाई म्हणाली. "एक काजळी, ती दिसते. दुसरे नायट्रोजनचे ऑक्साइड, ते सहसा दिसत नाहीत, पण छातीत जातात. डिझेल कडक तापवून जाळलं तर काजळी कमी होते आणि ऑक्साइड वाढतात. जरा थंड जाळलं तर उलट. गादी एका बाजूने दाबली की दुसरीकडून फुगते ना, तसं."

पांढऱ्या ट्रकने गादी एका बाजूने दाबली होती. तो स्वतःचाच थोडा धूर थंड करून परत इंजिनात घेई, त्यामुळे जळण मवाळ होई आणि ऑक्साइड कमी निघत. बदल्यात काजळी वाढे. ती मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एका चिनीमातीच्या गाळणीत अडकवली जाई. गाळणी भरत आली की ट्रक आपणहून एक्झॉस्ट तापवून आतली काजळी जाळून टाकी. निळ्या ट्रकने दुसरी बाजू धरली होती. त्याचं इंजिन बिनधास्त तापे, काजळी मुळात कमी होई, डिझेलही कमी लागे. आणि जे ऑक्साइड निघत त्यांच्यावर एक्झॉस्टमध्येच युरियाच्या पाण्याचा फवारा मारला जाई. उष्णतेने युरियाचा अमोनिया होई, पुढच्या उत्प्रेरकाच्या जाळीवर अमोनिया आणि ऑक्साइड एकमेकांना संपवत, आणि एक्झॉस्टच्या शेपटीतून निघे साधा नायट्रोजन आणि वाफ. त्यासाठी त्या ट्रकला डिझेलखेरीज युरियाची एक वेगळी टाकी होती.

लंबूने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुपारच्या चहापर्यंत दोन्ही ट्रकचं बारसं उरकलं. "पांढरी म्हणजे सून. आपला धूर आपणच गिळते, सगळं आत साठवते आणि आठ दिवसांनी एकदा भडकते. आणि निळा म्हणजे जावई. त्याला सगळ्यांबरोबरचं चालत नाही, त्याचं पिणं वेगळं."

"सून भडकते कारण तुम्ही तिची काजळी जळत असताना मध्येच इंजिन बंद करता," मीटरबाई वहीतून डोकं न काढता म्हणाली. "पूर्ण जळू द्या, शांत होईल."

यावर सगळे हसले, आणि तेव्हापासून मीटरबाई डेपोतली झाली. मिस्त्रींना ती काका म्हणायची. रोज संध्याकाळी दिवसाचे आकडे घेऊन त्यांच्या टेबलाशी बसायची, आणि आकड्यांपेक्षा प्रश्नच जास्त आणायची. मिस्त्रींना ते आवडे. आजवर लोक त्यांना काय बिघडलंय एवढंच विचारत. ही का बिघडलं तेही विचारायची.

पहिले तीन आठवडे जावई पुढे होता. उत्प्रेरकात जाताना ऑक्साइड दहा लाखांत साडेसहाशे भाग, बाहेर पडताना शंभराच्या आत. सुनेची काजळी जवळपास शून्य, पण ऑक्साइड दोनशेच्या खाली जाईनात. डेपोच्या बहुतेक फेऱ्या महामार्गाच्या, लांबच्या. इंजिन चांगलं तापायचं, आणि तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जावयाचं रसायन उत्तम चालायचं. चौथ्या आठवड्यात मात्र जावयाचा आकडा चढायला लागला. दीडशे, अडीचशे, चारशे. युरियाही दुपटीने लागू लागला.

"जावई हल्ली जास्त प्यायला लागलाय," लंबू म्हणाला.

सहाव्या आठवड्यातल्या एका सकाळी मीटरबाई मिस्त्रींना जावयाच्या शेपटीशी घेऊन गेली. लंबू नुकताच महामार्गाची फेरी करून आला होता. इंजिन चालूच होतं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिच्या हातात वही आणि पेन्सिल होती.

"काका, एक काम आहे. नाकाचं."

मिस्त्रींनी खिशातलं फडकं काढून हात पुसले.

"ऑक्साइडचा आकडा का चढतोय, याची कारणं दोन असू शकतात," ती सांगू लागली. "एक, आतली उत्प्रेरकाची जाळी मेली. मग ऑक्साइड खरंच चारशे निघताहेत, आणि या प्रकारचा ट्रक पाच आठवड्यांत मान टाकतो असं मला लिहावं लागेल. दुसरं कारण म्हणजे युरियाचा फवारा बिघडून नको तेवढा युरिया आत पडतोय आणि उरलेला अमोनिया तसाच बाहेर येतोय. या मीटरची गोची अशी, की त्याला अमोनिया आणि ऑक्साइड यांतला फरक कळत नाही. अमोनिया दिसला की तो ऑक्साइड म्हणूनच मोजतो. ट्रकच्या स्वतःच्या मीटरचंही तेच. तो आकडा बघून ट्रक आणखी युरिया सोडतो, त्याने अमोनिया आणखी वाढतो, आणि आकडा आणखी चढतो."

"मग युरिया बंद करून बघ. आकडा उतरला तर अमोनिया," मिस्त्री म्हणाले.

"तेच करणार होते. पण तिथे ट्रक बनवणाऱ्या कंपनीचं सील आहे. ठोस कारण लिहून दिल्याशिवाय ते सील तोडायला परवानगी देत नाहीत. अमोनियाचा वेगळा मीटर दुरुस्तीला गेलाय, महिन्याने येईल. अहवाल शुक्रवारी द्यायचाय." तिने पेन्सिल कानामागे खोचली. "पण माणसाच्या नाकाला अमोनिया दहा लाखांत पाच-दहा भाग असला तरी कळतो. तुमच्यासारख्या नाकाला तर त्याहून कमी. वास आहे असं तुम्ही म्हणालात, तर तेवढं कारण पुरेसं आहे."

मिस्त्रींनी नेहमीची युक्ती केली. "तुला काय वाटतं? कसला वास येतोय, सांग बघू."

"नाही, मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तुमच्या उत्तरावर परिणाम होईल. परीक्षण असंच करायचं असतं. मी तिकडे तोंड करून उभी राहते."

आणि ती खरंच पाठ करून उभी राहिली.

मिस्त्री वाकले. शेपटीपासून वीतभर अंतरावर त्यांनी श्वास घेतला. आत हवा गेली. गरम होती. बाकी काही नव्हतं; पाच महिन्यांत जसं काही नव्हतं तसंच. डोळ्यांत मात्र पाणी आलं. वय झालं की येतं, असं म्हणून त्यांनी बाहीने पुसलं. मग त्यांनी विचार केला. वास आहे म्हणावं आणि नसला तर? सील तुटेल, कंपनीचा माणूस येईल, तो हुंगेल आणि म्हणेल, इथे तर काहीच नाही. नाही म्हणावं, तर निदान कुणी शहानिशा करायला येणार नाही. सगळा हिशोब पाच सेकंदांत झाला.

"नाही," ते म्हणाले. "अमोनिया नाही."

मीटरबाई वळली. क्षणभर ती काही बोलेल असं वाटलं. मग तिने वहीत लिहिलं आणि वहीचं शेवटचं पान उघडून त्यांना दाखवलं. तिथे परीक्षणात वापरलेल्या साधनांची यादी होती: धुराचा मीटर, काजळीचा मीटर, तापमापक, वजनकाटा. प्रत्येकापुढे ते शेवटचं कधी तपासून घेतलं त्याची तारीख. यादीच्या शेवटी तिने नवी ओळ घातली होती: नाक, मुख्य मेकॅनिक. तारखेचा रकाना रिकामा होता.

"तुमची तारीख काय लिहू?" तिने हसत विचारलं. "तुम्हाला कुठे तपासायला न्यावं लागत नाही म्हणा."

मिस्त्री हसले. दिवसभर त्यांनी दोन गाड्यांचे ब्रेक केले, एकीचा पट्टा बदलला. दुपारी जावयाच्या खाली झोपून त्यांनी उत्प्रेरकाच्या टाकीचे पट्टे हाताने चाचपून पाहिले. जाळी मेली असेल, असं स्वतःला सांगितलं. मरते कधी कधी. तरी एक गोष्ट त्यांना खटकत राहिली: मरणारी जाळी हळूहळू मरते. आठवड्याभरात नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी कामाचे कपडे दाराआडच्या खुंटीला लावले आणि हातपाय धुवायला गेले. बायकोने ते धुवायला काढले आणि दोन बोटांत धरून त्यांच्यापुढे आणले.

"आज कुठे लोळून आलात?"

"का?"

"सार्वजनिक मुतारीसारखा वास मारतोय. डोळे झोंबले माझे."

मिस्त्री टॉवेल हातात धरून उभे राहिले. "नीट सांग," ते म्हणाले. "फिनेलसारखा?"

"फिनेल वेगळं. हे मुतारीचं. केसांना रंग लावायच्या दुकानात असतो ना, तसला, पण जुना." तिने कपडे नाकाजवळ नेऊन लगेच लांब केले. "आणि पाठीला जास्त आहे. खाली झोपला होतात का कशाच्या?"

"जावयाच्या."

"कुणाच्या?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि कपडे बादलीत बुडवत होती. सांगून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "एक तारखेला सही आहे."

"माहितेय."

"दहा दिवस राहिलेत. ती मुलगी शुक्रवारी लिहील, की जाळी मेली. तीस सुना येतील. पांढरे ट्रक काही वाईट नाहीत."

"मग बरंच आहे की." तिने साबण घासायला सुरुवात केली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तुम्ही मला पांढरे चांगले की निळे, हे सांगत नाही आहात. तुम्ही पोरीला खोटं सांगितलंत, हे सांगताय."

"खोटं नाही. मला वास आला नाही, तेच सांगितलं."

"हो का," बायको म्हणाली. हे दोन शब्द तिने संसारात फार वेळा वापरले नव्हते. मिस्त्रींनी टॉवेल वाळत टाकला आणि त्या विषयावर दोघंही पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी शेडमध्ये गेले. लंबू जावयाचे आरसे पुसत होता.

"लंबू, खरं सांग. या गाडीला वास येतो का?"

"कसला?"

"कसलाही."

लंबूने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "पंधरा दिवस झाले, मिस्त्री. सिग्नलला थांबलो आणि वारा मागून असला की केबिनमध्ये मुतारी. मी खिडक्या लावून बसतो. मागच्या गाडीवाला शिव्या घालतो ते वेगळंच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रोज तिच्या बाजूने जाता. तुमचं नाक काही म्हणालं नाही, म्हटल्यावर मी कोण? मला वाटलं, युरियाची गाडी आहे, असाच वास असायचा. जावई आहे, त्याच्या वासाला नावं कशी ठेवायची."

मिस्त्री धुलाईच्या कट्ट्यावर गेले. तिथल्या दोघांनी सांगितलं, हो, डोळे चुरचुरतात. पण मिस्त्री तिथेच उभे असायचे, त्यांना काही होत नव्हतं, म्हणून आम्ही साबण बदलून पाहिला. भांडारातल्या बाईंनी सांगितलं, त्यांनी त्या बाजूची खिडकीच बंद करून घेतलीय; मिस्त्रींना विचारणार होत्या, मग वाटलं, असतं काही तर त्यांनी आपणहून सांगितलं असतं. फाटकावरच्या दोघांचंही तेच म्हणणं होतं. एकूण सहा माणसं निघाली. सहाही जणांची नाकं धडधाकट होती, आणि सहाही जणांनी एका बंद नाकाचा शब्द मानला होता.

मीटरबाई कचेरीत अहवालाला बसली होती. मिस्त्रींनी दार लावून घेतलं. खुर्चीवर न बसता ते म्हणाले, "काल तू पाठ करून उभी राहिलीस, तेव्हा तुला काही वास आला होता का?"

तिने हात थांबवला. "का?"

"आधी सांग."

"आला होता," ती म्हणाली. "झोंबणारा. मला वाटलं अमोनियाच. पण तुम्ही नाही म्हणालात. मग वाटलं, फरशी कशाने तरी धुतली असेल." तिने वही पुढे ओढली. "ते मी वहीत लिहिलंसुद्धा नाही. स्वतःचं निरीक्षण. पहिल्या वर्षाला शिकवतात, की आधी जे दिसलं ते लिहा."

"माझं नाक बंद आहे," मिस्त्री म्हणाले. "पाच महिने झाले. तापानंतर. कशाचाच वास येत नाही. काल तुला नाही म्हणालो ते त्यामुळे. तुला आधी सांगायला हवं होतं."

मीटरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, आणि तो मिस्त्रींना दिसला. मग त्या जागी कुतूहल आलं, जे तिच्या चेहऱ्यावर नेहमीच असायचं.

"डोळ्यांत पाणी आलं होतं का?" तिने विचारलं.

"आलं होतं. वयामुळे येतं."

"वयामुळे नाही, काका. वासाची नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. वासाची गेली तरी झोंबणं कळतं. कांदा कापताना डोळ्यांना पाणी येतं अजून?"

"येतं."

"मग अमोनियाची खबर तुमच्या डोळ्यांनी दिली होती. आपण नाकाला विचारत बसलो." ती उठली. "चला. कारण लिहून देते, सील काढायची परवानगी मागू."

परवानगी दुपारी आली. मीटरबाईने युरियाच्या फवाऱ्याची तार काढली आणि इंजिन चालू ठेवलं. फवाऱ्याचं तोंड नुसतंच गळत असेल तर तार काढून भागणार नाही, म्हणून मिस्त्रींनी युरियाची नळीही बंद केली. लंबू, धुलाईवाले दोघे आणि भांडारातल्या बाई मीटरभोवती कोंडाळं करून उभे राहिले. युरिया बंद झाल्यावर ऑक्साइड खरं तर वाढायला हवेत. आकडा चारशे दहावर होता. तो उतरू लागला. तीनशे. दोनशे वीस. दीडशेच्या आसपास जरा रेंगाळला, आणि मग जाळीत मुरलेला अमोनिया संपल्यावर सावकाश वर चढू लागला.

"औषध थांबवलं आणि ताप उतरला," लंबू म्हणाला.

मिस्त्रींनी फवाऱ्याचं तोंड सोडवून कापडावर ठेवलं. टोकाला मिठासारखे पांढरे खडे साचून सुई अर्धवट उघडी राहिली होती. ते खरवडायचीही गरज नव्हती. भांडारातल्या बाईंनी गरम पाणी आणलं, मिस्त्रींनी त्यात फवाऱ्याचं टोक बुडवून ठेवलं, आणि वीस मिनिटांत खडे विरघळून गेले. जोडणी करताना त्यांनी सुईचा आवाज कानाने ऐकला: टक, टक, टक, मधे गळती नाही. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत जावयाचा आकडा नव्वद आला. जाळी ठणठणीत होती.

मीटरबाईने अहवाल गुरुवारी रात्र होण्याआधी पुन्हा लिहून काढला. लांबच्या फेऱ्यांना निळे ट्रक बरे. फवाऱ्याचं तोंड दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावं. गावातल्या थांबत-थांबत जाणाऱ्या फेऱ्यांबद्दल सहा आठवड्यांच्या आकड्यांवरून ठामपणे काही सांगता येत नाही, तिथे दोघांचंही तापमान कमी पडतं. हे शेवटचं वाक्य साहेबांना आवडणार नाही, हे तिला माहीत होतं, तरी ठेवलं.

मग तिने शेवटचं पान काढलं. "ही ओळ खोडते," ती म्हणाली. "सहाव्या आठवड्यात वास घेतला, सहा जणांना आला, एवढंच लिहिते. तुमचा उल्लेख नको."

"यादीत जे वापरलं ते सगळं लिहायचं असतं ना?"

"असतं."

"मग दे इकडे."

मिस्त्रींनी तिच्याकडून पेन घेतलं. नाक, मुख्य मेकॅनिक, या ओळीपुढच्या रिकाम्या रकान्यात त्यांनी तापाच्या चौथ्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे बिघडलेल्या गाडीला लावायच्या पाटीवर ज्या अक्षरात लिहीत त्याच अक्षरात लिहिलं: बंद.

साहेब अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचत. सोमवारी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. पान समोर उघडंच होतं.

"पाच महिने?"

"हो."

"मग गाड्या कशा सोडल्यात?"

"कानाने. आणि लोकांना विचारून."

"मला वाटलं, तुम्ही त्यांना शिकवताय."

"शिकले ते," मिस्त्री म्हणाले. "पण शिकवत नव्हतो."

साहेबांनी पान मिटलं. मग म्हणाले, "बघू."

एक तारखेला पत्र आलं. त्यात एक वर्षाऐवजी तीन महिने लिहिले होते, आणि मुख्य मेकॅनिक या शब्दांऐवजी नुसतंच मेकॅनिक. सही करताना साहेबांनी नेहमीचा विनोद केला नाही. मिस्त्रींनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि शेडमध्ये गेले. फाटकातून एक जुना ट्रक आत येत होता. ड्रायव्हर खाली उतरला, सवयीने त्यांच्या तोंडाकडे पाहू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस," मिस्त्री म्हणाले. "माझं नाक बंद आहे. तुझं काय म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना डोळे मिटायला सांगितले. त्यांनी मिटले. नाकाखाली काहीतरी ऊबदार आलं.

"काय आहे?"

मिस्त्रींनी दोनदा श्वास घेतला.

"काही कळत नाही," ते म्हणाले.

"बरं." तिने कप त्यांच्या हातात दिला. "कॉफी आहे. प्या, गार होतेय."